तंजावरचा होमिओपॅथ

कुंभकोणहून तंजावरला जाणारा मराठी माणूस राजवाडा पाहतो, सरस्वती महाल पाहतो. सॅम्युएल ब्रुकिंग हे नाव मात्र त्याला कोणी सांगत नाही. मद्रासकडचा हा निवृत्त शल्यचिकित्सक. १८४६ मध्ये, हानेमानच्या निधनाला अवघी तीन वर्षे झाली असता, त्याने तंजावरात होमिओपॅथीचे रुग्णालय काढले. जे द्रव्य निरोगी माणसात लक्षणे उत्पन्न करते, तेच अत्यल्प मात्रेत तशा लक्षणांच्या रोग्यास द्यावे, हे त्या पंथाचे सूत्र. आयुष्यभर शस्त्र धरलेल्या हाताने हे पत्करावे, याला धाडसच लागते!

राजाश्रय मिळाला, यात नवल नाही. गादीवर दुसरे शिवाजीराजे होते. त्यांचे वडील सरफोजी यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक शेजारी शेजारी नांदले होते. पण सरफोजींनी नुसते दार उघडे ठेवले नव्हते. अनुभवास उतरलेले योग तेथे तमिळ पद्यात नोंदले गेले. नेत्ररोग्यांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह जपली गेली. ब्रुकिंगचे औषध त्या कसोटीस लावले असते तर? फार विरल केलेल्या औषधात मूळ द्रव्याचा कणही उरत नाही, ही रसायनशास्त्राची हरकत आजही कायम आहे.

१८५५ मध्ये शिवाजीराजे पुत्राविना वारले, आणि आश्रय देणारी गादीच कंपनी सरकारने खालसा केली.