अमळनेरचा शेअर आणि इंटेलची चिप

(जळगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाच्या चिपविषयी खानदेशात काय बोलायचे, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. आपले प्रश्न कापसाच्या भावाचे, केळीबागांच्या नुकसानीचे, तापी-गिरणेच्या पाण्याचे. परंतु नखाएवढ्या या वस्तूचा इतिहास पाहताना मध्येच आपले अमळनेर भेटते. आणि तिथून पाहिले म्हणजे आजच्या एका मोठ्या राष्ट्रीय प्रश्नाचा उलगडा होतो. जनतेच्या पैशावर उभ्या राहणाऱ्या उद्योगात जनतेचा वाटा कोणता, हा तो प्रश्न.

ज्या अमळनेरात साने गुरुजींनी प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून काम केले, त्याच गावी १९४५ साली हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' हे त्याचे नाव. पुढे त्याच कंपनीचे 'विप्रो' झाले. १९६६ साली वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट टाकून अमेरिकेहून परतले, तेव्हाही कंपनीचा मुख्य व्यवहार तेलातुपाचाच होता. मग तेलघाण्याची ही कंपनी संगणकाकडे वळली कशी? केवळ मालकाच्या दूरदृष्टीने, असे उत्तर वर्तमानपत्रे देतात. ते अपुरे आहे.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना येथील भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याचे बंधन घातले होते. १९७७ साली जनता सरकारात उद्योगमंत्री असलेले जॉर्ज फर्नांडिस यांनी त्या कायद्याच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला. अमेरिकेतल्या वापरात जुनी ठरलेली यंत्रे येथे भाड्याने देणाऱ्या 'आयबीएम' कंपनीने तो मान्य केला नाही, आणि १९७८ साली तिने आपला येथील व्यवसाय गुंडाळला. देश संगणकाविना मागे पडेल, अशी तेव्हा मोठी ओरड झाली. प्रत्यक्षात त्या रिकाम्या जागेत देशी कंपन्या उभ्या राहिल्या. विप्रो त्यांपैकीच एक. ही जागा बाजाराने नव्हे, राज्यसंस्थेच्या निर्णयाने मोकळी झाली होती.

परंतु येथेच आपल्या स्वावलंबनाची मर्यादाही दिसते. विप्रोने १९८१ च्या सुमारास आपला पहिला संगणक बाजारात आणला. त्याची जुळणी भारतात झाली, त्यामागे बुद्धी भारतीय अभियंत्यांची होती. मात्र त्याचे काळीज असलेली '८०८६' ही चिप अमेरिकेच्या इंटेल कंपनीची होती. १९८१ सालीच आयबीएमने जो छोटा संगणक काढला, त्यातही इंटेलच्याच जातीची '८०८८' ही चिप होती. कापूस खानदेशचा आणि कापड मँचेस्टरचे, हे आपण एकदा भोगले आहे. येथे क्रम उलटा होता, पण परावलंबन तेच.

ही इंटेल कोण? रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ साली कॅलिफोर्नियात ती स्थापन केली. बिझिकॉम या जपानी गणकयंत्र-कंपनीच्या मागणीवरून तिने १९७१ साली '४००४' ही चिप काढली. संगणकाचा मेंदू एका तुकड्यावर आणणाऱ्या त्या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. '८०८६' वर २९,००० झाले. आज ही संख्या अब्जांत जाते. मात्र कंपनीची ही वाट सरळ चढणीची नव्हती. स्मरणचिप, म्हणजे माहिती साठवणाऱ्या चिप, हा तिचा मूळ धंदा. जपानी स्पर्धेपुढे तो टिकेना, म्हणून १९८५ साली तिने तो सोडला, हजारो कामगारांना घरी पाठवले, आणि १९८६ साली १७ कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसला. १९९४ साली 'पेंटियम' चिपच्या भागाकारातील चूक एका गणिताच्या प्राध्यापकाने उघडकीस आणली. कंपनीने आधी टाळाटाळ केली. शेवटी चिप बदलून देण्यापायी तिला ४७.५ कोटी डॉलरचा भार उचलावा लागला. पुढे मोबाइल फोनचे युग आले, ते तिने हातचे घालवले. चिप अधिकाधिक सूक्ष्म करण्याच्या शर्यतीत तैवानची 'टीएसएमसी' पुढे गेली. २०२४ साली इंटेलचा तोटा १,८८० कोटी डॉलरपर्यंत गेला, आणि त्याच वर्षी सुमारे १५,००० जणांच्या कपातीची घोषणा झाली.

आता अर्थशास्त्राचा मुद्दा. खुल्या बाजाराचे हे तीर्थक्षेत्र संकटात सापडले की कोणाकडे धाव घेते? सरकारकडे! जपानी स्पर्धेच्या काळात, १९८७ साली, अमेरिकन चिप-कंपन्यांनी 'सेमाटेक' ही संयुक्त संशोधनसंस्था स्थापन केली. तिला अमेरिकन सरकारने वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर दिले. त्याच वर्षी तैवानात टीएसएमसी निघाली, तेव्हा सुमारे निम्मे भांडवल तेथील सरकारचे होते. २०२२ साली अमेरिकेने चिप-उद्योगासाठी खास कायदा केला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात इंटेलला ७८६ कोटी डॉलरपर्यंतचे अनुदान मंजूर झाले. नंतर ऑगस्ट २०२५ मध्ये तर नवलच घडले. न दिलेले अनुदान आणि दुसऱ्या एका योजनेचे पैसे मिळून ८९० कोटी डॉलरच्या बदल्यात अमेरिकन सरकारने इंटेलचे सुमारे १० टक्के शेअर घेतले. हेच पाऊल आपण सुचवले असते, तर आपल्याला कालबाह्य ठरवले गेले असते.

अर्थात याला समाजवाद समजण्याची गफलत करू नका. त्या सरकारने संचालक मंडळावर जागा घेतली नाही, आणि त्याच सुमारास चाललेली कामगारकपातही थांबवली नाही. नफ्यात वाटा आला. कामगाराला शब्द मिळाला नाही. तरीही एक तत्त्व भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातच मान्य झाले : ज्याचा पैसा, त्याचा हिस्सा.

आपल्याकडे काय चालले आहे? केंद्राने २०२१ च्या डिसेंबरात चिप-उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. गुजरातेत साणंद येथे मायक्रॉन या अमेरिकन कंपनीचा प्रकल्प २०२३ साली मंजूर झाला. त्याच्या खर्चाचा ५० टक्के भार केंद्राचा आणि २० टक्के राज्याचा. म्हणजे रुपयातले सत्तर पैसे जनतेचे. मालकी मात्र संपूर्ण कंपनीची. आयत्या बिळावर नागोबा, दुसरे काय? आपल्या महाराष्ट्रात २०२२ साली मोठा गदारोळ झाला तो वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतले. प्रकल्प कोठे जाणार यावर दोन राज्ये भांडली. कोणत्या अटींवर येणार, हे कोणी विचारले नाही.

सार्वजनिक क्षेत्राला हे जमत नाही, असे कोणी म्हणेल. त्यांना मोहालीची आठवण द्या. तेथील सरकारी 'सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स'ने १९८४ साली चिपचे उत्पादन सुरू केले होते. १९८९ साली तो कारखाना आगीत सापडला, आणि पुन्हा उभा राहण्यात मोलाची वर्षे गेली. त्या काळात जगातील चिपतंत्र कित्येक पिढ्या पुढे निघून गेले. तेथे इच्छाशक्ती आणि पैसा कमी पडला, बुद्धी नव्हे.

शेअर हाती असणे आणि नसणे यांतला फरक अमळनेरकरांना कोणी शिकवायला नको. त्या गावातल्या अनेक साध्या कुटुंबांनी विप्रोचे शेअर सांभाळून ठेवले आणि पुढे त्यांचे दैन्य फिटले. ज्याने कारखान्यात केवळ घाम गाळला, त्याच्या वाट्याला मात्र मजुरीच आली. आज ७० टक्के पैसा देऊनही शेअर न घेणारा आपला देश त्या मजुराच्याच जागी उभा आहे. नव्हे, त्याहूनही वाईट, कारण मजुराने निदान पदरचे भांडवल तरी घातले नव्हते.

म्हणून आपली मागणी प्रकल्पाला विरोध करण्याची नसावी, अटींची असावी. सरकारी अनुदानाच्या प्रमाणात सरकारी भागभांडवल घ्या. अनुदान घेणाऱ्या कारखान्यात कायम नोकऱ्या किती आणि कंत्राटी किती, हे जाहीर करा, आणि संचालक मंडळात कामगारांचा प्रतिनिधी बसवा. चिप धुण्यासाठी अतिशुद्ध पाणी फार मोठ्या प्रमाणात लागते; ते कोणाच्या वाट्यातून जाणार, हे करारावर सही होण्यापूर्वी सांगा. आणि जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले केवळ दुसऱ्याच्या चिपचे आराखडे काढण्यासाठी पुण्या-बंगळूरला जाणार असतील, तर मोहालीसारख्या सार्वजनिक संस्थांत त्यांच्यासाठी जागा निर्माण करा.

१९७७ साली एका मंत्र्याने अट घातली, आणि त्या अटीतून एक देशी उद्योग जन्मला. अट घालायला आपण बिचकू नये, एवढेच आजच्या विषयाचे सार. तालुक्या-तालुक्यांत गेलात म्हणजे लोकांना हा सत्तर पैशांचा हिशोब सांगा. तो समजायला संगणक लागत नाही.