वायुकाय आणि आपले हृदय
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा गोषवारा)



पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वनस्पती यांच्याप्रमाणे वायूलाही सजीव मानणारे आपले दर्शन आहे. वायुकायाची विराधना टाळावी, हे आपण बालपणापासून ऐकत आलो. एक डॉक्टर या नात्याने मी आज एवढेच सांगणार आहे की, वायूला दिलेली पीडा अखेर आपल्याच हृदयापर्यंत येऊन पोहोचते.

धुराचा त्रास केवळ फुफ्फुसांना होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली बाहेरील दूषित हवेमुळे जगात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले आणि त्यांपैकी सुमारे ६८ टक्के हृदयविकार व पक्षाघात यांमुळे झाले.

याचे कारण काय? धुरातील २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण आपल्या केसाहून वीस-तीस पट बारीक असतात. नाक त्यांना अडवू शकत नाही. तोंडावर बांधलेला साधा रुमालही नाही. ते थेट वायुकोशांत शिरतात व तेथे दाह उत्पन्न करतात. त्या दाहाचे परिणाम रक्तावाटे सर्व शरीरात पसरतात. रक्तवाहिन्यांचे नाजूक अस्तर बिघडते, रक्तदाब वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते आणि हृदयाची लयही विस्कळीत होऊ शकते. आधीच अरुंद झालेल्या धमनीत गुठळी झाली, म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो. शिवाय धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतो. दुर्बल हृदयाची त्यामुळे उपासमारच होते.

दीपावली हे भगवान महावीरांचे निर्वाण कल्याणक. त्या पवित्र रात्री उडवलेल्या फटाक्यांनी असंख्य सूक्ष्म जीवांचा घात होतोच. पण शेजारच्या खोलीत झोपलेल्या हृदयरोगी आजोबांचाही श्वास कोंडतो. ही हिंसा आपल्याला दिसत नाही, इतकेच.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने तीन नियम घ्यावेत: दीपावलीत व मिरवणुकीत फटाके नाहीत, बंद खोलीत धूप-अगरबत्ती नाही, आणि विडी-सिगारेटचा आजन्म त्याग. तसेच छातीत दडपण, दम किंवा घाम आल्यास ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरी थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

अहिंसेचा आरंभ आपल्या श्वासापासून व्हावा, ही मंगल भावना. जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!