चालीवर चाल, थरावर थर



सातपाटीची कोळीण मासळीची पाटी डोक्यावर घेऊन निघाली म्हणजे तिच्या अंगात एका वेळी किती हालचाली चाललेल्या असतात, याचा आपण कधी विचार केला आहे काय? पाय झपझप पडताहेत, एक हात पाटीला आहे, दुसरा मोकळा झुलतो आहे, मान मात्र ताठ. आणि वाटेत ओळखीचे कोणी दिसले की हाकही मारायची! शरीर हे सारे सहज करते. पण हीच बाई संगणकाच्या पडद्यावर चालवायची ठरवली, तर प्रत्येक गोष्ट वेगळी सांगावी लागते. हालचालींची मिसळ कशी करतात आणि त्यांचे थर कसे रचतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

चित्रे हलवण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी 1915 साली ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटात काड्या थोड्या थोड्या सरकवून त्यांना नाचवले. चित्रपटात एका सेकंदाला 24 चित्रे डोळ्यांपुढून जातात, म्हणून तुटक चित्रे सलग भासतात. संगणकाने यात एक सोय केली. पात्राला आत हाडांचा सांगाडा द्यायचा, त्याची चाल एकदाच बसवायची, आणि ती पुन्हा पुन्हा वापरायची. ‘ब्लेंडर’ नावाचा कार्यक्रम 2002 पासून सर्वांना खुला आणि विनामूल्य आहे. त्यात अशा चाली पट्ट्यांसारख्या एकाखाली एक मांडता येतात.

आता मिसळ म्हणजे काय ते पाहू. कारखान्याची पाळी सुटली आहे, आणि बोईसर स्टेशनात गाडी शिरताना दिसली. चालणारा कामगार धावू लागतो. समजा, चालताना एका क्षणी त्याचा गुडघा 20 अंश वाकतो आणि धावताना 60 अंश. धावण्याचा वाटा चौथाई ठेवला, तर गुडघा 30 अंश वाकेल. हा वाटा शून्यापासून पूर्णापर्यंत हळूहळू वाढवत नेला, की चालण्यातून धावणे निघते. हिशेब सोपा आहे, नाही का?

पण यात दोन खोडे आहेत. पहिला पावलांचा. एका चालीत डावा पाय पुढे आणि दुसरीत उजवा असताना सरासरी काढली, तर दोन्ही पाय मधेच अडखळतात आणि माणूस बर्फावरून घसरल्यासारखा दिसतो. म्हणून आधी पावले जुळवून घ्यावी लागतात. दुसरा खोडा वळणाचा. शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रश्न वर्गात जरूर घालावा: घड्याळाच्या तबकडीवर 11 आणि 1 यांच्या मधोमध काय? सरासरी काढली तर येतात 6. पण काटा जायला हवा 12 वर! भुजा फिरवताना संगणकाचीही अशीच फसगत होते. आयर्लंडमधील गणिती हॅमिल्टन यांनी 1843 साली चार घटकांच्या संख्यांचा शोध लावला होता. केन शूमेक यांनी 1985 साली त्याच संख्या वापरून जवळच्या वाटेने वळण्याची रीत दाखवली. कोणते गणित कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

मिसळीत दोन चाली एकमेकींत विरतात; थरांत तसे नसते. खाली चालण्याचा थर, त्यावर फक्त हात उचलण्याचा, त्यावर मान वळवण्याचा. जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांतला माणूस आठवा. म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, 2018 साली ते निवर्तले. टोकाशी टोक लावलेले दोन त्रिकोण, झाले त्या माणसाचे धड! खालचा त्रिकोण पायांबरोबर जातो, वरचा हातांबरोबर, आणि दोघांचा सांधा कमरेत. थर रचणाराही बहुधा तिथेच रेघ ओढतो.

मात्र ओझे ही रेघ मानीत नाही. डोक्यावर पाटी आली की कंबर वेगळी झुलते, पाऊल आखूड पडते. नुसता हात वर करण्याचा थर ठेवला, तर पाटी कागदाची वाटते. तारप्याच्या नाचातही तेच. नाचणाऱ्यांचे हात शेजाऱ्याच्या कमरेला गुंफलेले असतात. प्रत्येकाची चाल सुटी सुटी मिसळली तर साखळी तुटते. हाताला कमरेशी बांधून ठेवणारे बंधन वेगळे घालावे लागते. शिवाय तारपेवाल्याने सूर बदलला की पावले बदलतात. म्हणजे मिसळ केव्हा सुरू करायची, हे वाद्याला विचारायचे.

हे सारे सांगण्याचे कारण असे. आज तयार चाली आयत्या मिळतात. त्यांतल्या पुष्कळ दूरच्या स्टुडिओत, नटांच्या अंगाला खुणा लावून टिपलेल्या असतात. आपल्या तालुक्यातला मुलगा कोळणीची गोष्ट रचील आणि तिला ती आयती चाल देईल, तर लुगडे कोळणीचे आणि चालणे भलत्याचेच होईल. दोन परक्या चालींची कितीही मिसळ केली, तरी त्या दोहोंच्या मधले तेवढेच हाती लागते. तिसऱ्या गावची चाल त्यातून निघत नाही. ती कोणीतरी डोळे उघडे ठेवून पाहावी लागते.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे. शाळेत संगणक नसला तरी अडत नाही. जुन्या वहीच्या 24 पानांच्या कोपऱ्यांवर मुलांना एक पाऊल काढायला सांगा, आणि पाने भरभर उलटा. मग तेच पाऊल डोक्यावर हंडा घेऊन काढायला लावा. नाच टिपायचा असेल तर नाचणाऱ्यांना आधी विचारा, आणि टिपलेले त्यांनाच प्रथम दाखवा; चूक कुठे झाली ते तेच सांगतील. यंत्र मिसळ करील, थर रचील. पण खालचा पहिला थर आपल्या मातीतल्या पावलांचा असावा, एवढे आपल्या हाती आहे.