शाश्वत विकासाची परीक्षा ग्रामसभेत

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



२५ सप्टेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९३ सदस्य देशांनी एक ठराव एकमताने संमत केला. २०३० सालापर्यंत जगातून दारिद्र्य व भूक नाहीशी व्हावी, प्रत्येकाला आरोग्य, शिक्षण व शुद्ध पाणी मिळावे, आणि हे सारे साधताना पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचे जल, जमीन व जंगल आजच संपवले जाऊ नये, असा त्या ठरावाचा आशय होता. १७ उद्दिष्टे आणि त्यांच्या पोटात १६९ लक्ष्ये अशी त्याची मांडणी आहे. १ जानेवारी २०१६ पासून त्याची मुदत सुरू झाली.

या विचाराला मोठी पूर्वपीठिका आहे. १९७२ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या पर्यावरण परिषदेत तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दारिद्र्य आणि पर्यावरण यांचा संबंध जगापुढे ठेवला होता. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा रूढ केली. २००० साली ठरलेली आठ सहस्रक उद्दिष्टे प्रामुख्याने गरीब देशांपुरती होती. श्रीमंत देशांची भूमिका देणाऱ्याची, उपदेश करणाऱ्याची होती. २०१५ च्या ठरावाने मात्र सर्व देशांना एकाच कसोटीवर उभे केले. अमर्याद उपभोगाचा हिशेब आता समृद्ध देशांनाही द्यावा लागतो. भारताच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे.

जगाची प्रगती मात्र निराशाजनक आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अहवालानुसार, ज्या लक्ष्यांचे मूल्यमापन शक्य झाले त्यांपैकी केवळ १७ टक्के लक्ष्ये योग्य मार्गावर होती. एकतृतीयांशाहून अधिक लक्ष्ये एकतर जागच्या जागी थांबली होती किंवा मागे गेली होती. कोरोनाची महासाथ, युद्धे आणि कर्जाचा बोजा ही कारणे त्यामागे आहेतच.

या पार्श्वभूमीवर भारताची वाटचाल पाहिली पाहिजे. अंमलबजावणीच्या समन्वयाचे काम नीती आयोगाकडे आणि मोजमापाचे काम सांख्यिकी मंत्रालयाकडे सोपवण्यात आले. २०१७, २०२० आणि २०२५ साली भारताने आपला आढावा राष्ट्रसंघापुढे स्वेच्छेने मांडला. राज्याराज्यांत निकोप स्पर्धा व्हावी म्हणून नीती आयोगाने २०१८ पासून राज्यांना गुण देण्यास प्रारंभ केला. त्या पहिल्या वर्षी देशाचे गुण १०० पैकी ५७ होते. २०२३-२४ मध्ये ते ७१ झाले. त्या वर्षी केरळ आणि उत्तराखंड प्रत्येकी ७९ गुणांनी अग्रस्थानी होते, तर बिहार ५७ गुणांवर होता. उत्पन्नाखेरीज आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांतील वंचना मोजणाऱ्या निर्देशांकानुसार २०१५-१६ मध्ये देशातील २४.८५ टक्के लोक दरिद्री होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण १४.९६ टक्क्यांवर आले. सुमारे साडेतेरा कोटी माणसे या काळात त्या वंचनेतून बाहेर पडली. ही सामान्य गोष्ट नव्हे.

देता येते ते आणि घडवावे लागते ते

अभिमान बाळगण्याजोगे हे आकडे समोर ठेवूनच एका दुसऱ्या आकड्याकडे वळले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या (२०१५-१६) आणि पाचव्या (२०१९-२१) फेरीची तुलना मोठी उद्बोधक आहे. या काळात सुधारित शौचालयाची सोय असलेल्या घरांतील लोकसंख्या ४८.५ वरून ७०.२ टक्क्यांवर गेली. स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे ४३.८ वरून ५८.६ टक्के झाली. स्वतः वापरत असलेले बँक खाते असणाऱ्या स्त्रिया ५३ वरून ७८.६ टक्क्यांवर पोहोचल्या. याच काळात रक्तक्षय असलेल्या, १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण मात्र ५३ वरून ५७ टक्के झाले. महाराष्ट्रात ते ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांतील रक्तक्षय देशात ५८.६ वरून ६७.१ टक्क्यांवर गेला.

बोटातून घेतलेल्या रक्ताच्या चाचणीमुळे हा आकडा फुगतो, असे काही तज्ज्ञांचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु दोन्ही फेऱ्यांत चाचणीची पद्धत तीच होती. आकडा थोडा कमी मानला तरी घट झाली नाही, हे वास्तव उरतेच. २०१८ साली ‘ॲनिमियामुक्त भारत’ अभियान सुरू झाले, तेव्हा हे प्रमाण दरवर्षी तीन टक्के-अंशांनी घटवण्याचा संकल्प होता.

असे का व्हावे? शौचालय बांधून देता येते, गॅसची जोडणी देता येते, खाते उघडून देता येते. शासनाने इच्छाशक्ती दाखवली तर या गोष्टी वेगाने घडतात, हे देशाने अनुभवले आहे. लोहाच्या गोळ्याही शासन देते. शाळेत देते, अंगणवाडीत देते, गरोदर मातेला देते. पण गोळी हाती पडणे आणि ती पोटात जाणे यांत अंतर आहे. मळमळते म्हणून गोळ्या फडताळातच राहतात. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातील लोह अंगी लागत नाही. जंतांकडे दुर्लक्ष होते. आणि सर्वांत मोठे कारण घराघरांत ठाऊक असूनही बोलले जात नाही: घरची स्त्री सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले जेवते. भाजी संपलेली असेल तर चटणी-भाकरीवर भागवते. हे कोणत्या मंत्रालयाच्या आदेशाने बदलणार?

हा केवळ खेड्याचा प्रश्न आहे, असा समजही नको. त्याच पाहणीत ग्रामीण स्त्रियांतील प्रमाण ५८.५ टक्के, तर शहरी स्त्रियांतील ५३.८ टक्के होते. म्हणजे शहरातल्या सुशिक्षित वस्त्याही या हिशेबाबाहेर नाहीत.

नळ आणि पाणी

सहावे उद्दिष्ट पाण्याचे आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन अभियानाची घोषणा झाली तेव्हा सुमारे १९ कोटी ग्रामीण कुटुंबांपैकी ३ कोटी २३ लाख, म्हणजे जेमतेम १७ टक्के कुटुंबांकडे नळ होता. २०२५ च्या प्रारंभापर्यंत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. २०२४ ची मूळ मुदत साधली नाही. ती २०२८ पर्यंत वाढवावी लागली. तरीही इतक्या अल्पावधीत एवढा विस्तार ही मोठीच कामगिरी आहे. नळ घरापर्यंत पोहोचला, हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. त्या नळाला मे महिन्यात पाणी असेल काय, हा उरलेला अर्धा भाग. विहिरीतच पाणी नसेल तर नळाची तोटी काय देणार? मराठवाड्याला आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांना हे निराळे सांगायला नको.

या अर्ध्या भागाचे उत्तर हिवरे बाजारने फार पूर्वी दिले. अहिल्यानगर जिल्ह्यातील, पर्जन्यछायेतील हे छोटेसे गाव. १९९० च्या सुमारास तरुण पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा गावाची ओळख दुष्काळ, दारू आणि स्थलांतर हीच होती. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही सूत्रे गावाने स्वीकारली. डोंगरउतारावर चर खणले गेले, पाणी अडवले गेले. जलसंधारण पुष्कळ गावांत झाले; हिवरे बाजारचे वेगळेपण त्यापुढच्या पायरीत आहे. गावाने शेतीसाठी कूपनलिकांवर बंदी घातली, उसासारख्या तहानलेल्या पिकांना नकार दिला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्यास आरंभ केला. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती, माणसांना व गुरांना किती लागेल, हे ग्रामसभेपुढे मांडले जाते आणि उरलेल्या पाण्यावरून पिके ठरतात. पाऊस कमी झाला तर पीकही बदलते. स्वतःच्या विहिरीतले पाणीसुद्धा गावाचे आहे, हे मान्य करायला मोठे मन लागते. २०२० साली पोपटरावांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले. न्यूयॉर्कमध्ये सतरा उद्दिष्टे ठरण्याच्या कितीतरी आधी या गावाने त्यांतील अनेक प्रत्यक्षात आणली होती.

गावाचे गुणपत्रक

हे सूत्र आता राष्ट्रीय धोरणातही आले आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने सतरा उद्दिष्टांचे नऊ विषयांत रूपांतर केले: गरिबीमुक्त व उपजीविकासंपन्न गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ व हरित गाव, पायाभूत सुविधांत स्वयंपूर्ण गाव, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव, सुशासनाचे गाव आणि महिलास्नेही गाव. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील पंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के निधी पाणी व स्वच्छतेसाठीच राखून ठेवला.

एप्रिल २०२५ मध्ये ‘पंचायत प्रगती निर्देशांक’ जाहीर झाला. २०२२-२३ हे त्याचे आधारवर्ष. २ लाख १६ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचे मूल्यमापन त्यात झाले. ७५ ते ९० गुण मिळवणाऱ्या पंचायती निघाल्या अवघ्या ६९९. सुमारे ७७ हजार पंचायती ६० ते ७५ गुणांच्या गटात आल्या. १ लाख ३२ हजार ४० ते ६० च्या गटात. ९० च्या वर गुण मिळवणारी पंचायत देशभरात एकही नव्हती.

हा निकाल प्रामाणिक आहे, म्हणूनच मोलाचा आहे. पण गुणपत्रक पालकांनी पाहिलेच नाही तर मुलाच्या अभ्यासात फरक पडत नाही. शेकडो निर्देशकांची माहिती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात संगणकावर भरली जाते आणि दिल्लीला जाते. ती भरताना गावाला विचारले गेले नाही आणि गुण आल्यावर गावाला सांगितले गेले नाही, तर सारा उपक्रम कागदी ठरण्याचा धोका आहे. आकडा वर जातो. तो खाली, ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापर्यंत, परत आला पाहिजे.

कार्यकर्त्याचे काम

महाराष्ट्रात कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रत्येक ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा होणेही बंधनकारक आहे. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. एवढीही माणसे जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, हे चित्र अनेक गावांना परिचित आहे. येथून कामाला आरंभ होतो.

जागरूक कार्यकर्त्याने पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, आपल्या पंचायतीचे नऊही विषयांतील गुण सभेत वाचून दाखवले जावेत. दुसरी, पावसाळा संपताच गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जावा आणि रब्बीची पिके त्यावरून ठरावीत. तिसरी, गावातील किती मुलींची व मातांची रक्ततपासणी झाली आणि गोळ्या किती जणींनी खरोखर घेतल्या, याची माहिती आशाताई व अंगणवाडीताईंनी महिला सभेत द्यावी. कोणाचे नाव न घेता, केवळ संख्या. यातील एकाही गोष्टीला वेगळा निधी लागत नाही.

शहरातील कुटुंबांनाही यातून सुटका नाही. घरातल्या आईचे, सुनेचे, मुलीचे हिमोग्लोबिन किती आहे, हे किती घरांत ठाऊक असते? जेवणानंतरचा चहा तासभर लांबवणे, ताटात पालेभाजी, नाचणी, लिंबाची फोड असणे आणि घरातील सर्वांनी एका पंगतीत जेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. पाचव्या उद्दिष्टातील स्त्री-पुरुष समानतेचा आरंभ त्या पंगतीतून होतो.

२०२६ च्या आरंभापासून मोजले तरी २०३० च्या अखेरीपर्यंत, वर्षाला चार या हिशेबाने, प्रत्येक गावाच्या वाट्याला वीसच ग्रामसभा येतात. वीस सभांत गाव पुष्कळ काही करू शकते; हिवरे बाजारनेही आरंभ एका सभेनेच केला होता. पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारून घ्यावी आणि त्या दिवशी शेजारच्या दोन घरांना बरोबर घेऊन जावे.