जालना की संभाजीनगर?

श्रोतेहो, करमाडहून गाडीने पूर्वेला गेले की जालना, पश्चिमेला छत्रपती संभाजीनगर. गाव सोडायचेच ठरले, तर बिऱ्हाड कुठे थाटावे? जालन्यात बियाण्यांचा नि लोखंडी सळ्यांचा मोठा धंदा. हाताला काम मिळते. पण घरात शिकणारी मुलगी असेल, तर माझा कौल संभाजीनगरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे १९५० मध्ये महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद; १९५८ मध्ये विद्यापीठही झाले. (मी पडलो मास्तर, मला हेच आधी दिसणार!) पाण्याचे म्हणाल, तर दोन्ही शहरांची भिस्त पैठणच्या जायकवाडीवरच. मात्र काम शेंद्र्याच्या कारखान्यांत मिळणार असेल, तर ते करमाडच्या शेजारीच आहे. मग शेत मोडून शहरात भाडे कशाला भरायचे? मुलीलाच विचारा, पास काढून जाऊन-येऊन जमेल का म्हणून.