जुन्या लहान मोटारीची परीक्षा

मारुती ८०० ची बांधणी १९८३ सालीं सुरू झाली व २०१४ सालीं थांबली. तथापि ती व तिची धाकटी बहीण आल्टो डहाणू-तलासरीकडे अजून हातोहात विकल्या जातात. थोडी किंमत पाहून मन भुलतें. निवृत्तीचे पैसे हातीं आलेल्या आम्हां शिक्षकांचें तर विशेषच. उरलेली किंमत मग मिस्त्रीकडे मोजावी लागते.

डहाणूची खारी हवा पत्र्याची वैरीण होय. रंग ताजा दिसला तर संशय अधिकच धरावा. पायांखालची चटई उचलून तळ पाहावा. दारांचे खालचे कांठ बोटांनीं चांचपावे. कुजलेला तळ कापून नवा पत्रा जोडणें खर्चाचें, आणि जोडाशीं गंज पुनः धरतो तो धरतोच! क्लचची तबकडी त्यामानानें स्वस्त. परंतु ती बदलण्यास गिअरपेटी उतरवावी लागते, म्हणून मजुरी जड.

तलासरीपलीकडे गुजरातची हद्द. वापीकडून गाडी आणणाऱ्यानें तिकडील ना-हरकत दाखला, येथील कर व नवी नोंदणी यांचा खर्च सौद्याआधींच मांडावा. पंधरा वर्षें भरलेल्या गाडीस नोंदणीच्या नूतनीकरणासाठीं तपासणीही द्यावी लागते.

सर्वांत भारी दुखणें इंजिनाचें. पाणी कमी असतां महामार्गावर गाडी दामटली कीं इंजिन तापून त्याचें हेड वांकतें. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी शिरलें असें समजून उठावें. दलालास गाडी आधीं तापवूं देऊं नये. सकाळीं थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करवावें. निळा धूर निघाला तर तें तेल खात आहे.