आंतरजालावरील ज्ञानलेखन : अनुभवाचे धडे



ज्ञान मराठीत आणून ते सर्वांच्या दारी पोहोचवावे, ही आकांक्षा महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित झाला. हे दोन्ही कोश आज आंतरजालावर विनामूल्य वाचावयास मिळतात. या परंपरेत १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, एका निराळ्या जातीच्या कोशाची भर पडली. तो मराठी विकिपीडिया होय. त्याला वेतनावरील संपादक नाहीत, लेखकांना मानधन नाही, आणि लेखणी हाती घेण्यास कोणालाही मज्जाव नाही. गेल्या दोन दशकांहून अधिक काळातील या प्रयोगाने जे शिकविले, ते शाळा, कार्यालये आणि ग्रामपंचायती यांनाही उपयोगी पडण्यासारखे आहे.

खुले दार आणि जागता पहारा

विकिपीडियाच्या आधी, २००० साली, न्युपीडिया नावाचा एक उपक्रम अमेरिकेत सुरू झाला होता. त्यातील प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या तपासणीच्या अनेक टप्प्यांतून जात असे. योजना निर्दोष होती. परंतु २००३ मध्ये तो उपक्रम बंद पडेपर्यंत जेमतेम पंचवीसएक लेख पूर्ण झाले. त्याच संस्थापकांनी १५ जानेवारी २००१ रोजी सर्वांना मोकळा असा विकिपीडिया सुरू केला आणि पाहता पाहता लेखांची संख्या हजारांवर गेली. आधी तपासणी आणि मग प्रकाशन हा क्रम उलटला गेला. आधी प्रकाशन, मग सर्वांच्या डोळ्यांदेखत दुरुस्ती, अशी ही नवी रीत ठरली.

या रीतीची किंमतही मोजावी लागली. २००५ मध्ये जॉन सायगेनथेलर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कोणी खोडसाळपणे केनेडींच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडला, आणि तो खोटा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नवा लेख सुरू करण्यासाठी नोंदणी आवश्यक करण्यात आली. त्याच वर्षी डिसेंबरात ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा विकिपीडियात लेखामागे सरासरी ४ आणि ब्रिटानिकात ३ चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला, हेही नमूद केले पाहिजे.

या दोन घटना एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे पहिला धडा स्पष्ट होतो. जिथे अनेकांचे लक्ष असते तिथे मोकळेपणा लाभदायक ठरतो. जिथे कोणी फिरकत नाही तिथे तोच घातक होतो. म्हणूनच विकिपीडियाच्या प्रत्येक पानामागे त्याचा ‘इतिहास’ जपलेला असतो. कोणत्या दिवशी कोणता शब्द बदलला, हे कोणासही पाहता येते. फेरफाराच्या नोंदीचे महत्त्व गावच्या तलाठ्यास सांगावे लागत नाही. तेच शिस्तीचे तत्त्व लेखनालाही लागू आहे.

अक्षरांची एकवाक्यता

दुसरा धडा लिपीचा आहे. संगणकावर मराठी उमटू लागली त्या काळी प्रत्येक टंकाची आपली स्वतंत्र सांकेतिक योजना असे. एका संगणकावर लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्थान मिळाले. प्रत्येक अक्षरास एक कायमचा क्रमांक लाभल्यामुळे चंद्रपुरात लिहिलेले कुडाळात आणि कुडाळात लिहिलेले परदेशी वाचता येऊ लागले. मराठी विकिपीडियाची उभारणी याच पायावर झाली आहे.

तरीही बारकावे राहिलेच. मराठीला आवश्यक असलेला ‘ॲ’ हा स्वतंत्र स्वर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाला. तोपर्यंत ‘अ’ या अक्षराला अर्धचंद्र जोडून काम भागविले जाई, आणि ती सवय अजूनही अनेक ठिकाणी टिकून आहे. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात, आणि एकाचा शोध घेतला असता दुसरा सापडेलच असे नाही. ‘पुऱ्या’, ‘दऱ्या’ या शब्दांतील र-काराच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो.

याहून मोठे नुकसान कागदाचे छायाचित्र काढून तेच संकेतस्थळावर लावण्याच्या प्रथेने होते. परिपत्रक प्रसिद्ध झाले अशी नोंद होते, परंतु त्यातील एकही शब्द शोधता येत नाही, उतरवून घेता येत नाही, आणि दृष्टिहीन नागरिकाच्या संगणकाला तो वाचून दाखविता येत नाही. मूळ मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित असताना त्याची छापील प्रत काढून तिचे पुन्हा चित्र बनविणे म्हणजे भरलेली विहीर बुजवून टँकर मागविण्यासारखे आहे. स्वाक्षरीच्या प्रतीसोबत मूळ मजकूरही ठेवला तर ही अडचण सहज दूर होते.

संख्या आणि सार

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख आहे. मराठी विकिपीडियाची लेखसंख्या एक लाखाच्या आसपास गेली आहे. पण त्यांपैकी पुष्कळ लेख दोन-चार ओळींचेच आहेत. अनेक गावांचे लेख जनगणनेचे आकडे एका साच्यात ओतून तयार झाले. गावाचे नाव, क्षेत्र, कुटुंबे आणि लोकसंख्या एवढ्यावरच ते संपतात. त्यातील आकडे खरे असतात. मात्र पाणी कोठून येते, कोणती पिके निघतात, आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, शाळा केव्हा स्थापन झाली, यांतले काहीच तेथे नसते. गावाची ओळख करून घेण्यास आलेला वाचक रिकाम्या हाताने परततो.

संख्येच्या मोहाचा परिणाम किती दूरवर जातो, याचे उदाहरण स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेचे आहे. त्या भाषेतील विकिपीडियाचा फार मोठा भाग, सुमारे वीस हजारांहून अधिक लेख, ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने वर्षानुवर्षे लिहिले होते, असे ऑगस्ट २०२० मध्ये उघडकीस आले. इंग्रजी वाक्ये घेऊन शब्दकोशातून शब्द बदलण्याची त्याची रीत होती. हेतू वाईट नव्हता. परंतु ती भाषा बोलणाऱ्यांपैकी कोणी वेळीच पुढे आले नाही, आणि जगाने त्या बनावट रूपालाच स्कॉट्स समजले. लिहिता येणारे गप्प राहिले म्हणजे त्यांची जागा रिकामी राहत नाही. ती दुसरे कोणी तरी भरते.

आधार आणि हक्क

ज्ञानकोशात केलेल्या विधानाला पडताळून पाहता येईल असा आधार हवा, हा विकिपीडियाचा मूलभूत नियम आहे. महाराष्ट्रातील गावांच्या बाबतीत असा आधार दुर्मिळ नाही. जिल्हा गॅझेटियर, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आणि प्रकाशित स्थानिक इतिहास ही साधने अनेक ग्रंथालयांत आहेत. गावातील वृद्धांच्या आठवणींचे मोलही कमी नाही. मात्र त्या आठवणी म्हणूनच नोंदवाव्यात. कोणी, कोठे आणि केव्हा सांगितले हे लिहून शाळेच्या किंवा पंचायतीच्या पुस्तिकेत त्या जतन कराव्यात. दंतकथेला इतिहासाचा वेष दिल्याने गावाची शोभा वाढत नाही.

आधार घेणे निराळे आणि मजकूर जसाच्या तसा उचलणे निराळे. वृत्तपत्रातील लेख किंवा आंतरजालावर सापडलेले छायाचित्र डोळ्यांसमोर आहे म्हणून ते सर्वांच्या मालकीचे होत नाही. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या निधनानंतर, त्यापुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना मोकळे झाले. सरकारी प्रकाशनांवरही प्रकाशनानंतर ६० वर्षे शासनाचा प्रताधिकार असतो. ‘सरकारी आहे, म्हणजे मोफतच’ हा समज त्यामुळे बरोबर नाही. एखाद्या कार्यालयास आपली पुस्तिका सर्वांनी वापरावी असे वाटत असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने तसा खुला परवाना पुस्तिकेवरच छापावा.

लिहिलेले टिकविणे

छापलेले पुस्तक पन्नास वर्षांनी एखाद्या वाचनालयाच्या कपाटात सापडते. आंतरजालावरील पानाला असे कपाट आपोआप लाभत नाही. लक्षावधी लोकांची पाने असलेली जिओसिटीज ही सेवा अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. भारतात अतिशय लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने आंतरजालावरील असंख्य पानांच्या प्रती राखल्या आहेत. परंतु सर्वच काही तेथे सुरक्षित असेल असे मानता येणार नाही.

गावपातळीवर हा प्रश्न साध्या कारणांनी उद्भवतो. उत्साही शिक्षकाने संकेतस्थळ उभारले; त्यांची बदली झाली; परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर गेला; वार्षिक शुल्क भरायचे राहिले आणि पत्ता हातचा गेला. उपाय तितकाच साधा आहे. कार्यभार सोपविताना कपाटांच्या किल्ल्यांबरोबर संकेतस्थळाचा परवलीचा शब्द, नूतनीकरणाची तारीख आणि सर्व मजकुराची एक प्रत यांचीही नोंद हस्तांतरण यादीत व्हावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आणि ती अद्ययावत ठेवावयाची आहे. जुन्या अधिकाऱ्याचे नाव आणि बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक दाखविणारे पान नागरिकाला चुकीच्या दारी पाठविते. अशा पानाने कायद्याचा हेतू साधत नाही.

यंत्रेही वाचीत आहेत

या प्रश्नांना अलीकडे एक नवे परिमाण लाभले आहे. विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देणारी संगणकीय यंत्रणा २०२२ नंतर घरोघरी पोहोचली. ती आंतरजालावरील मजकुरावरच पोसली जाते. मराठीत जे विपुल आणि शुद्ध लिहिलेले असेल ते ती शिकेल. जे चुकीचे असेल तेही तितक्याच आत्मविश्वासाने सांगेल. आणि जे लिहिलेच गेले नाही त्याविषयी ती अंदाज बांधील. यंत्राने केलेला अनुवाद जाणत्या माणसाने न वाचता प्रसिद्ध केला, तर यंत्राच्याच चुका पुन्हा यंत्राला शिकविल्या जातात. शेतकऱ्याने पिकावरील रोगाविषयी विचारले आणि उत्तर अशा मजकुरातून आले, तर होणारे नुकसान भाषेपुरते राहत नाही.

म्हणून मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेने वर्षाकाठी आपल्या गावाविषयीचा एकच लेख साधार, स्वतःच्या शब्दांत आणि युनिकोडमध्ये सिद्ध करावा. ग्रामसेवक व पंचायत सदस्यांनी त्यातील माहिती दप्तराशी पडताळून पाहावी. वर्षातून एकदा, ग्रामसभेच्या निमित्ताने, तो वाचून अद्ययावत करावा. केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयाने भाषेच्या प्राचीनतेचा गौरव झाला. तिचे उद्याचे सामर्थ्य मात्र आज गावोगावी लिहिल्या जाणाऱ्या आणि नीट राखल्या जाणाऱ्या अशा साध्या, खऱ्या पानांवर अवलंबून राहील.